मोतीबिंदू, एक बोल्ट आणि चाळीस हजार कंपने

गावाकडे ‘लेसरचं ऑपरेशन’ म्हणून ओळखली जाणारी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा लेसरने होतच नाही. बारामती-इंदापूर पट्ट्यातले रुग्ण शस्त्रक्रियेआधी साखर आणि रक्तदाब तपासून घ्यायला येतात, तेव्हा हमखास विचारतात, ‘डॉक्टर, लेसरचं करायचं का साधं?’ त्यांना म्हणायचे असते ‘फेको’, म्हणजे फेकोइमल्सिफिकेशन. या शस्त्रक्रियेत डोळ्यातले गढूळ झालेले भिंग फोडायचे काम ध्वनी करतो. तो आपल्याला ऐकू येत नाही, कारण माणसाचा कान सेकंदाला फार तर २० हजार कंपनांपर्यंत ऐकतो आणि हा ध्वनी साधारण ४० हजार कंपनांचा असतो.

तो निर्माण करणारे उपकरण जाड पेनाएवढे असते. त्याला हँडपीस म्हणतात. त्याच्या पोटात सिरॅमिकच्या काही चकत्या असतात आणि त्या आवळून धरणारा एक बोल्ट असतो. हा बोल्ट किती आवळला आहे, यावर हँडपीसची सुई डोळ्यात नीट चालणार की नाही हे बरेचसे ठरते. अभियंते ते आवळणे संगणकावर आधीच तपासून घेतात. त्या गणिताचा आणि ‘मोतीबिंदू जरा पिकू द्या, मग काढू’ या आपल्याकडच्या समजुतीचा जवळचा संबंध आहे. तो समजावून सांगण्यासाठी हा लेख.

लायटर, सोनोग्राफी आणि हँडपीस

स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरमध्ये दाब दिला की ठिणगी पडते. आतल्या स्फटिकासारख्या तुकड्यावर हातोडीसारखा ठोका बसतो आणि त्यातून वीज निर्माण होते. या गुणधर्माला पीझोइलेक्ट्रिक परिणाम म्हणतात. झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये पॅरिसमध्ये तो दाखवून दिला. पुढच्याच वर्षी गाब्रिएल लिपमन यांनी गणिताने सुचवले की याच्या उलटही घडले पाहिजे: स्फटिकाला वीज दिली तर त्याचा आकार बदलला पाहिजे. क्यूरी बंधूंनी तेही प्रयोगाने खरे करून दाखवले.

वीज दिली की फुगणारा आणि दिशा बदलली की आकसणारा पदार्थ हाती आला, की त्याला वेगाने उलटसुलट वीज देऊन थरथरवता येते. सोनोग्राफीचा प्रोब, दातावरचे कीटण काढणारा स्केलर, मूतखडा फोडणारी काही यंत्रे आणि फेकोचा हँडपीस ही सगळी याच तत्त्वाची भावंडे. आज या कामासाठी नैसर्गिक स्फटिकाऐवजी ‘पीझेडटी’ नावाचे सिरॅमिक वापरतात. शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडपासून ते भट्टीत भाजून तयार होते. पुण्यात पाषाणला डीआरडीओच्या एआरडीई या संस्थेत या पीझेडटीवर काम करणारे स्वतंत्र केंद्र आहे. तिथला उपयोग संरक्षणासाठी असला, तरी पदार्थ तोच.

डोळ्याच्या शस्त्रक्रियेत हे तत्त्व आले ते दाताच्या डॉक्टरकडून. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन दात साफ करून घेत असताना त्यांच्या मनात आले, की दात न हलवता त्यावरचा कठीण थर असा निघत असेल, तर डोळ्याला मोठा छेद न देता भिंगही असेच फोडून शोषून घेता येईल. १९६७ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. तोपर्यंत मोतीबिंदू काढायला मोठा छेद, टाके आणि अनेक दिवस पडून राहणे अटळ होते. आज फेकोचा छेद तीन मिलिमीटरपेक्षाही कमी असतो आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो.

आधीच दाबून का ठेवायचे?

सिरॅमिक म्हणजे शेवटी भाजलेली माती. कौलावर वजन ठेवले तर ते बरेच सहन करते. तेच कौल दोन्ही बाजूंनी ओढले किंवा वाकवले तर तडकते. पीझेडटीचेही तसेच आहे. दाबाखाली ते जितके सहन करते, त्याच्या साधारण दहावा हिस्साच ताणाखाली सहन करते. थरथरताना तर ते प्रत्येक फेरीत एकदा दबते आणि एकदा ताणले जाते. सेकंदाला ४० हजार वेळा ताण बसला तर तडा जायला किती वेळ लागणार?

यावरचा उपाय आपल्या सुताराला आणि लोहाराला पूर्वीपासून ठाऊक आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ती आधी लालबुंद तापवतात, चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. थंड होताना धाव आवळते आणि चाकाचे सगळे सांधे कायमचे दाबून धरते. पुढे रस्त्यावर कितीही धक्के बसले तरी सांधे उघडत नाहीत, कारण धक्क्याने फक्त आधीचा दाब थोडा कमी-जास्त होतो.

हँडपीसमधला बोल्ट हेच काम करतो. तो चकत्यांना आधीच इतका दाब देऊन ठेवतो की थरथरताना त्या ‘ताणल्या’ गेल्या तरी प्रत्यक्षात त्यांच्यावरचा दाब फक्त कमी होतो, शून्याखाली जात नाही. या आधीच दिलेल्या दाबाला पूर्वदाब म्हणू. अशा रचनेचे मूळ पहिल्या महायुद्धात आहे. पिएर क्यूरी यांचे विद्यार्थी पॉल लांजव्हँ यांनी १९१७ च्या सुमारास पाणबुड्या शोधण्यासाठी पोलादाच्या दोन तबकड्यांमध्ये क्वार्ट्झ बसवून पाण्यात ध्वनी सोडला. पुढे क्वार्ट्झच्या जागी सिरॅमिक आले आणि सगळे एका बोल्टने आवळले जाऊ लागले, पण नाव लांजव्हँ यांचेच राहिले.

हा दाब किती असतो? अशा उपकरणांत तो साधारण ३० मेगापास्कलच्या आसपास ठेवतात, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३०० किलो. चकतीचे क्षेत्रफळ अर्धा चौरस सेंटीमीटर धरले, तर तिच्यावर साखरेची ५० किलोची तीन पोती ठेवल्यासारखे झाले. सगळा भार एका बारीक बोल्टवर.

दाब कमी पडला तर चकत्या आणि धातू यांच्यामधल्या पृष्ठभागांची पकड सुटते, उष्णता वाढते, आवाज बदलतो आणि शेवटी सिरॅमिक तडकते. जास्त झाला तर सिरॅमिकला कारखान्यात दिलेला विद्युत गुण कमी होऊ लागतो आणि हालचाल मंदावते. वालचंदनगरला साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून इस्रोच्या रॉकेटच्या मोटर केसिंगपर्यंत कामे झाली आहेत. तिथल्या जुन्या फिटरला बोल्ट ‘अंदाजाने’ आवळण्याचे परिणाम सांगावे लागणार नाहीत.

संगणकावरचा हँडपीस

प्रत्येक वस्तूला आपली अशी एक आवडती वारंवारता असते. झोका योग्य वेळी ढकलला तर थोड्या जोरातही उंच जातो. याला अनुनाद म्हणतात. हँडपीस त्याच्या अनुनादाच्या वारंवारतेवरच चालवतात. म्हणूनच सिरॅमिकची अतिशय सूक्ष्म हालचाल पुढच्या निमुळत्या धातूतून वाढत जाऊन सुईच्या टोकाशी काही दशक मायक्रॉनची होते. टोकाची एक फेरी ८० मायक्रॉनची, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढी धरू. सेकंदाला ४० हजार फेऱ्यांच्या हिशेबाने टोकाचा कमाल वेग सेकंदाला १० मीटर होतो आणि त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे अडीच लाख पट. भिंगाचा कठीण गाभा फुटतो तो या हिसक्यांनी.

पण अनुनादाची ही खिडकी फार अरुंद असते. वारंवारता अर्धा टक्का, म्हणजे २०० हर्ट्झ, इकडेतिकडे झाली तरी हालचाल निम्म्याहून खाली येऊ शकते. त्यामुळे हँडपीस बनवण्याआधी त्याची वारंवारता कुठे येणार हे अभियंत्याला कळायला हवे. शंभर नमुने बनवून, तोडून, पुन्हा बनवून पाहणे परवडत नाही. म्हणून संगणकावर प्रतिरूप तयार करतात. उपकरणाचे चित्र हजारो लहान तुकड्यांत विभागतात आणि प्रत्येक तुकड्यासाठी दाब, आकारबदल, विजेचे क्षेत्र आणि विद्युतभार यांची समीकरणे एकत्र सोडवतात. या पद्धतीला फायनाइट एलिमेंट म्हणतात. पूल, गाड्या आणि कृत्रिम सांधे यांचे हिशेबही तिनेच होतात.

पूर्वदाब असलेल्या उपकरणाचे गणित दोन पायऱ्यांत करावे लागते. पहिल्या पायरीत वीज नसते. फक्त बोल्ट आवळायचा आणि कुठे किती दाब बसला हे काढायचे. दुसऱ्या पायरीत त्या आधीच दबलेल्या अवस्थेवर बारीक कंपने सोडायची आणि कोणत्या वारंवारतेला किती हालचाल होते हे पाहायचे. पहिली पायरी गाळली तरी संगणक उत्तर देतो, आलेखही सुंदर काढतो, पण ते उत्तर वेगळ्याच उपकरणाचे असते. कारण मग संगणक सगळे भाग एकमेकांना एकजीव चिकटलेले धरतो. प्रत्यक्षात दोन पृष्ठभाग किती घट्ट भिडले आहेत हे दाबावर ठरते. हलगी वाजवण्याआधी शेकतात. कातडे ताणले की आवाज चढतो. इथेही बोल्ट आवळत गेले की सुरुवातीला वारंवारता चढत जाते आणि पृष्ठभाग पुरते भिडल्यावर स्थिरावते.

आणखी एक अडचण आहे. सिरॅमिकच्या कंपनीने दिलेले गुणधर्म बहुधा दाब नसताना मोजलेले असतात. शेकडो किलोच्या भाराखाली तेच गुणधर्म थोडे बदलतात. म्हणून चांगला अभियंता संगणकाच्या उत्तरावर थांबत नाही. तो एक नमुना बनवतो, टॉर्क पाना वापरून बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळतो, प्रत्येक टप्प्याला विद्युतरोध मोजतो आणि ते आकडे प्रतिरूपाशी ताडून पाहतो. जुळले तरच पुढे जातो. आम्ही डॉक्टरही रक्ताचा रिपोर्ट रुग्णाच्या तब्येतीशी ताडून पाहतो, रीत एकच.

शस्त्रक्रियागृहात काय बदलते

कारखान्यातून अचूक निघालेला हँडपीस रुग्णालयात आला की त्याची खरी परीक्षा सुरू होते. प्रत्येक शस्त्रक्रियेआधी तो ऑटोक्लेव्हमध्ये १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसला निर्जंतुक होतो. तापल्यावर धातूचा बोल्ट सिरॅमिकपेक्षा जास्त लांबतो, म्हणजे पूर्वदाब तात्पुरता कमी होतो. थंड होताना तो परत येतो, पण सावकाश थंड झाले तरच नीट येतो. घाईघाईने गरम हँडपीस थंड पाण्यात बुडवला तर आतला आणि बाहेरचा भाग वेगवेगळ्या वेगाने आकसतो आणि सिरॅमिकला सूक्ष्म तडा जाऊ शकतो. तो डोळ्याला दिसत नाही.

म्हणून शस्त्रक्रियेआधी यंत्र हँडपीसला ‘ट्यून’ करते. वेगवेगळ्या वारंवारतेची वीज देऊन यंत्र ऐकते की आज हा हँडपीस कुठे नीट बोलतो, आणि त्याच वारंवारतेवर चालवते. शस्त्रक्रिया सुरू असतानाही भाराप्रमाणे वारंवारता सरकते. यंत्र तिचा पाठलाग करत राहते. ट्यूनिंग नापास झाले तर तो हँडपीस बाजूला ठेवून दुसरा घेणे हाच योग्य मार्ग. स्थानिक मेकॅनिककडून तो उघडून बोल्ट आवळून घेणे म्हणजे सगळे गणित पुसून टाकणे.

यात रुग्णाचे काय पणाला लागलेले असते? सुईभोवती सतत द्रव वाहत असतो आणि तोच तिला थंड ठेवतो. प्रवाह अडला आणि सुई जोरात चालत राहिली तर काही सेकंदांत छेदाच्या जागी तापमान वाढते. सुमारे ६० अंशांना बुबुळावरच्या पारदर्शक पटलातले कोलॅजन आकसते आणि भाजल्याची जखम होते. दुसरा धोका अधिक छुपा आहे. या पटलाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो पाणी बाहेर काढून पटल पारदर्शक ठेवतो. या पेशी एकदा गेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. कंपनांची जितकी जास्त ऊर्जा डोळ्यात जाते, तितक्या जास्त पेशी खर्ची पडतात. फार गेल्या तर मोतीबिंदू निघूनही डोळा धुरकटच राहतो.

‘पिकू द्या’ची किंमत

आता या गणितातला शेवटचा आकडा. सुईसमोर काय येणार आहे? मऊ भिंग असेल तर थोड्या ऊर्जेत काम होते. वर्षानुवर्षे थांबून तपकिरी, लाकडासारखा टणक झालेला गाभा असेल तर शक्ती वाढवावी लागते, वेळ वाढतो, हँडपीसवरचा भार वाढतो, उष्णता वाढते. संगणकावरच्या प्रतिरूपातही हेच दिसते: टोकावर भार टाकला की अनुनादाचा उंच सुळका बुटका आणि रुंद होतो. त्याच हालचालीसाठी मग जास्त वीज लागते.

नीरा डाव्या कालव्याच्या बागायती गावांत असो की सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात, थांबण्याची कारणे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. थंडीत ऊसतोड आणि गळीत हंगाम असतो, उन्हाळ्यात ‘ऊन फार, डोळा चिघळेल’ अशी भीती, पावसाळ्यात पेरणी आणि ओल. असे वर्ष निघून जाते. त्यात पूर्वीच्या डॉक्टरांनीच सांगितलेले ‘पिकल्यावर या’ हे वाक्य घराघरात रुजलेले. जुन्या पद्धतीत अखंड गाभा बाहेर काढायचा असे, तेव्हा त्या सांगण्यात अर्थ होता. आता भिंग बारीक तुकडे करून शोषले जाते, तेव्हा त्यात अर्थ उरलेला नाही. उलट अति पिकलेल्या मोतीबिंदूमुळे डोळ्यातला दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. शस्त्रक्रियागृहाचे तापमान आणि स्वच्छता बाराही महिने सारखीच असते. ऋतूचा निकालाशी संबंध नाही.

देशात १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. तरीही २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांतील अंधत्वाचे सुमारे दोन तृतीयांश कारण मोतीबिंदूच आढळले. हे अंधत्व एका छोट्या शस्त्रक्रियेने जाणारे आहे.

मग फेकोच हवा का? याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ४०० डोळ्यांवर फेको आणि हाताने करायची छोट्या छेदाची शस्त्रक्रिया यांची तुलना केली आणि निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध केले. सहा आठवड्यांनी चष्म्यासह ६/१८ किंवा त्याहून चांगली नजर दोन्ही गटांत ९८ टक्क्यांहून अधिक जणांना मिळाली. चष्म्याशिवाय फेको पुढे होता, ८१ टक्के विरुद्ध ७१ टक्के. हाताच्या पद्धतीत कंपने नाहीत, बोल्ट नाही आणि टाकेही बहुधा नाहीत. म्हणून फार टणक मोतीबिंदूसाठी सर्जन तीच पद्धत निवडतात तेव्हा रुग्णाला ‘स्वस्तातले’ मिळाले असे समजण्याचे कारण नाही.

तरी फेकोची यंत्रे तालुक्यापर्यंत पोहोचत राहणार, आणि ती पोहोचायलाच हवीत. इंदापूरच्या म्हाताऱ्या माणसाला डोळ्यासाठी सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर पुण्याला जावे लागले, तर त्याच्याबरोबर घरातल्या आणखी एकाची मजुरी बुडते. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. रुग्णालयाने यंत्र घेताना दुसरा हँडपीस आणि वार्षिक देखभालीचा करार सोबतच घ्यावा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक हँडपीसचा विद्युतरोध दर महिन्याला मोजून वहीत टिपावा. वारंवारता हळूहळू खाली सरकताना दिसली, तर बोल्टची पकड सुटते आहे किंवा सिरॅमिकला तडा जातो आहे हे शस्त्रक्रिया अडण्याआधीच कळेल. यासाठी मोठा निधी लागत नाही. एक मोजणी यंत्र, संगणकावरचे एक प्रतिरूप आणि नियमितपणा पुरतो.

बोल्टचा दाब कारखान्याच्या हाती आहे, हँडपीसची निगा रुग्णालयाच्या आणि सुईवरचा पाय सर्जनच्या. भिंग किती टणक होऊ द्यायचे, हा एकच आकडा घरच्यांच्या हाती आहे. रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फाकलेले दिसत असतील, चष्म्याचा नंबर सारखा बदलत असेल किंवा सुईत दोरा ओवायला उजेड पुरत नसेल, तर थांबू नका. यंदाचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी घरातल्या ज्येष्ठांचे डोळे एकदा तपासून घ्या.